रॉकेटवाले गुरुजी

नारायणगाव ते मंचर पट्ट्यातल्या कुठल्याही लग्नाला जा. शेवटची पंगत उठली की एक गृहस्थ मांडवामागे जाऊन कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या पारखू लागतात. बाटली उजेडात धरतात, अंगठ्यानं दाबतात, चीर दिसली की नापास करतात. वऱ्हाडाला वाटतं, भंगारवाला असेल. गावकरी सांगतात, "आमचं गुरुजी हायेत. राकेट करत्यात."

हा छंद जगाला लावला तो नेब्रास्कातल्या एका चपलांच्या दुकानदारानं. ऑरव्हिल कार्लाइल यांनी १९५४ साली भावाच्या मदतीनं पहिलं छोटं रॉकेट केलं. पुढे तिकडे दारू भरलेल्या तयार मोटरी दुकानात मिळू लागल्या. इकडे गुरुजींनी घरात दारू ठासायला घेतली, तर उड्डाणाआधी पोलीस पाटील हजर. म्हणून गुरुजींचं रॉकेट पाण्यावर चालतं. बाटली एक तृतीयांश भरायची, बुचात सायकलचा व्हॉल्व्ह बसवायचा आणि पंपानं हवा कोंबायची. बूच निसटलं की पाणी खाली, बाटली वर. न्यूटनचा तिसरा नियम. पंप मारायला सहावी 'ब'.

बाकीचं सामान शेतातलंच. पॅराशूट मल्चिंग पेपरचं, दोऱ्या टोमॅटो बांधायच्या सुतळीच्या. वजन पुढे आणि पंख मागे नीट जमलेत का, हे पाहायला गुरुजी रॉकेट दोरीला बांधून डोक्याभोवती गरगर फिरवतात. ते नाक पुढे करून फिरलं, तर पास. त्या वेळी गुरुजींच्या पत्नी तुळशीची कुंडी आत घेतात आणि म्हणतात, "अहो, निदान म्हशीकडे तोंड करून नका फिरवू. संध्याकाळी दूध द्यायचंय तिला."

निम्मा जीव मात्र रंगात. रंगाच्या प्रत्येक हातानं रॉकेट जड होतं, हे गुरुजीच वर्गात शिकवतात. तरी पोळ्याला शिंगं रंगवून उरलेल्या रंगाचे तीन हात बसतातच. मग पिकअपच्या नंबरप्लेटा रंगवणारा पेंटर झोकदार अक्षरांत नाव घालतो, 'शिवनेरी-४'. पहिली तीन कुठे गेली, हे विचारायचं नसतं.

उड्डाणाला सरपंच असतात. उलटी मोजणी दहापासून सुरू होते, बूच सातलाच निसटतं आणि सरपंच भिजतात. रॉकेट वर जातं, पॅराशूट उघडत नाही, स्वारी थेट उसात. जुन्नरच्या उसात संध्याकाळी बिबट्याच्या भीतीनं मालकही शिरत नाही. गुरुजी शांतपणे जाहीर करतात, "यान कक्षेत स्थिरावलं."

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, गुरुजी पोरांसह खोडदला. तिथल्या जीएमआरटी वेधशाळेच्या तीस दुर्बिणी, प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची, कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचे रेडिओसंकेत टिपतात. तिथल्या विज्ञान प्रदर्शनात कुणी विचारतं, "किती उंच जातं?" गुरुजी म्हणतात, "पाण्याच्या टाकीच्या वर." मग पोरगी कोनमापक पुढे करते: "पन्नास मीटरवर उभं राहायचं. कोन पंचेचाळीस भरला तर उंची पन्नास. टॅन पंचेचाळीस म्हणजे एक." गुरुजी छतावरच्या पंख्याकडे बघतात. डोळे पाणावले की ते असंच करतात.

"महिनाभर खपायचं, आणि उडतं दोन-तीन सेकंद?" हा प्रश्न पुण्याचे पाहुणे विचारतात. जुन्नर-आंबेगावात कुणी विचारत नाही. वर्षभर बैलाला खुराक घालून बैलगाडा शर्यतीच्या घाटात दहा-बारा सेकंदांसाठी जीव टाकणारी ही माणसं! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली, घाट ओस पडला आणि गुरुजींना आयतं उड्डाणतळ मिळालं. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी पंप उचलला. पण गाडामालकच दारी आले. यात्रेत दोन बाऱ्यांच्या मध्ये एक रॉकेट, हे पंचांनी ठरवलं होतं. घड्याळ लावायला त्यांचाच माणूस, पुकारायला त्यांचाच भोंगा. अट एकच घातली:

"गुरुजी, भिजवायचं तर सरपंचाला भिजवा. बैलांवर थेंब उडता कामा नये."