डब्याचा भरणा

तीन वर्षांचं मूल, तीन तासांची शाळा आणि तीन कप्प्यांचा डबा! पालकांची ही दूरदृष्टी वंदनीय आहे. दोन पोळ्यांचे रोल, तुपात परतलेली भेंडी, सोललेलं डाळिंब. शिवाय ‘भूक लागलीच तर’ म्हणून राजगिऱ्याचा लाडू. मधली सुट्टी जेमतेम वीस मिनिटांची. त्यातली दहा चिमुकल्या बोटांनी झाकणाची खिटी उघडण्यात जातात, हे वेळापत्रक आखणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. तेव्हा सुट्टीच अडीच तासांची करावी आणि उरलेल्या अर्ध्या तासात ‘अ अननसाचा’ उरकावा, अशी नम्र सूचना. तूर्तास डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो, यावर घरात समाधान आहे. परवा मात्र वहीत शेरा आला : ‘भेंडीत मीठ कमी.’ अक्षर शाळेतल्या मावशींचं.