अण्णांना तपकिरी चालत नाही

तपकिरी रंगाशी अण्णांचं जुनं वैर. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांची हयात गेली, आणि साखर कारखाना म्हणजे काय, तर तपकिरीपणा घालवायचा धंदा. उसाचा रस येतो तो गढूळ, शेवाळी-मातकट. त्यात चुन्याचं दूध घाला, गंधकाचा वायू सोडा, गाळ खाली बसवा, पाक आटवा, पॅनमध्ये दाणा धरा, मशीनमध्ये गरगर फिरवून मळी वेगळी काढा. एवढं केल्यावर पोत्यात पांढरं काही पडतं. ते पांढरं खरंच पांढरं आहे की नाही, हे सांगायचं काम अण्णांचं. साखर पाण्यात विरघळवायची, गाळायची आणि 420 नॅनोमीटरच्या प्रकाशात तिचा इकुम्सा मोजायचा. आकडा जितका कमी तितकी साखर गोरी. पुढंपुढं तर अण्णा साखर चिमटीत धरून खिडकीशी न्यायचे आणि आकडा आधी तोंडी सांगून मग मशीनकडं बघायचे, मशीन बरोबर आहे का ते तपासायला.

अशा माणसाला पुण्याहून मुलाचा फोन आला. "अण्णा, गावाकडच्या नव्या घराला वुडन फ्लोअरिंग करू. कलर तेवढा तुम्ही पसंत करा. फर्निचरला मॅच झाला म्हणजे झालं."

पोराला वाटलं, बापाला विरंगुळा होईल.

खरं लाकूड अण्णांनी पहिल्या दिवशीच बाद केलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्या मराठवाड्यात लाकूड डोक्यावर असतं. माळवदाच्या घरात खांब, तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. पायाखाली सारवलेली जमीन, चार पैसे आले की शहाबादी फरशी. शिवाय जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढी भेगाळते, आणि वरच्या घराला आपल्यासोबत वरखाली करते. राहिलेलं वाळवी बघून घेते. तेव्हा ठरलं, की लाकडाच्या दिसण्याची टाइल घ्यायची. आठ इंच रुंद, चार फूट लांब पट्टी. मोरबीला तयार होते. लाकडाचा फोटो मशीनने टाइलवर छापतात, वर चकाकी, की झाला साग.

अंबडच्या दुकानापासून सुरुवात झाली. दुकानदाराने पट्ट्या मांडल्या. ओक, वॉलनट, वेंगे. ही झाडं अंबड तालुक्यात कुणी पाहिलेली नाहीत, त्यामुळे नावांचा उपयोग नव्हता. अण्णांनी आपली नावं दिली. "ही मळी. ही दुसऱ्या पॅनची मळी. हा सिरप, पण जळालेला. आणि ही..." जरा उजेडाकडं धरून, "ही साखर मी पास केली नसती."

"काका, साखर नाही, फरशी आहे," दुकानदार म्हणाला.

"रंग रंगच असतो."

मग जालना झालं, संभाजीनगर झालं. मी शेजारी, मला गाडी चालवता येते, एवढ्या गुन्ह्यासाठी प्रत्येक वेळी सोबत. संभाजीनगरच्या शोरूममध्ये पिवळे दिवे होते. त्या उजेडात गावठी बाभूळसुद्धा राजवाड्यातली वाटली असती. अण्णांनी पट्टी उचलली आणि थेट रस्त्यावर उन्हात नेली. मागून सेल्समन पळाला, त्याला वाटलं म्हातारा टाइल घेऊन चालला. उन्हात तीच पट्टी राखाडी निघाली. "बघा," अण्णा विजयाने म्हणाले, "आत तांबूस, बाहेर राखाडी. आणि आपल्या घरात पांढरी ट्यूब. तिथं काय दिसंल?" याला उत्तर एकच, नमुना घरी नेणं.

घरी नमुन्यांची रांग लागली. सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, ट्यूब, इन्व्हर्टरचा मिणमिणता दिवा, अशा सगळ्या उजेडात नोंदी. वहीत तारीख आणि वेळ. एका बाजूला सागवानी कपाट, दुसऱ्या बाजूला काकूंच्या माहेरचा शिसवी दिवाण. कपाट पिवळसर, दिवाण काळपट. फरशी कपाटाला जुळवली तर कपाट तिच्यात बुडतं, दिवाणाला जुळवली तर खोलीत दिवसा अंधार. कुणी म्हणालं, गडद घ्या. गडद फरशीवर रस्त्याची धूळ उठून दिसते. कुणी म्हणालं, फिकट घ्या. फिकटीवर पावसाळ्यात काळ्या मातीची पावलं, आणि हंगामात फडातलं पाचट पेटवलं की काजळीचे उडत येणारे तुकडे. मिस्त्री सरळ माणूस, त्याने सांगितलं, "मधला घ्या, काहीच दिसत नाही."

"लपवाछपवी करणारा रंग मी घरात घेणार नाही," अण्णा म्हणाले.

काकू हे सगळं दिवाणावर बसून ऐकत होत्या. "अहो, सारवायच्या काळात हा ताप नव्हता," एवढंच त्यांचं मत. ते वहीत चढलं नाही.

एक पट्टी जवळजवळ पास झाली होती. मांडून पाहिली तर अण्णा गुडघ्यावर बसले आणि बोट ठेवलं. "ही गाठ इथं. तीच गाठ तिथं. आणि तीच पुन्हा भिंतीशी. एवढ्या फांद्या एकाच जागी फुटणारं झाड कोणतं?" छापाची ठरावीक चित्रं असतात, ती फिरून फिरून येतात, हे दुकानदाराने समजावलं. अण्णांना ते पटलं, आवडलं नाही.

एव्हाना दसरा झाला, बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली. मुलाने फोनवर शेवटची तारीख दिली. अण्णांनी पट्टी ठरवली: फिकट आणि गडद यांच्या मधली, म्हणजे मिस्त्रीने पहिल्यांदा सांगितलेली. पण वहीत तिला नाव होतं, 'पहिल्या पॅनची, चांगली धुतलेली'.

फरशी बसली. शेवटच्या काही पेट्या कमी पडल्या, त्या नंतर आल्या. नाव तेच, पण खोक्यावरचा शेड नंबर वेगळा. मिस्त्रीला फरक दिसला नाही, मला नाही, मुलाला तर नाहीच. अण्णांना झोप लागेना. येणाऱ्या प्रत्येकाला ते दारातच उभं करायचे. "सांगा, नवी पट्टी कुठून सुरू होते?" पाहुणा बिचारा भिंतीकडं बघायचा, छताकडं बघायचा, शेवटी म्हणायचा, "छान आहे हो, एकसारखी." एकसारखी म्हटलं की अण्णांचा चेहरा पडायचा आणि चहा उशिरा यायचा.

परवा कारखान्यातले जुने पॅनमन आले. अण्णांच्याच काळातले, आता डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा. चपला काढल्या, उंबऱ्यात थबकले, मान तिरकी करून खिडकीकडच्या उजेडात फरशीभर नजर फिरवली आणि दिवाणाच्या पायापाशी काठी टेकवली.

"केमिस्टसाहेब, इथून पुढं दुसरा पॅन उतरवलाय का?"

"अहो ऐकलं का," अण्णा स्वयंपाकघराकडं ओरडले, "चहा ठेवा! आणि साखर जरा सढळ हातानं!"