सेंट मॉरिट्झला बस्तान कसं बसवावं

सर्वप्रथम पैसा मिळवावा. तो कसा, हा या पाठाचा विषय नाही. त्यावर पुस्तकं ढिगाने आहेत आणि लिहिणाऱ्यांनी बहुधा ती विकूनच तो मिळवला आहे. आपण असं धरून चालू की पैसा झाला, मलबार हिलला फ्लॅट झाला, अलिबागला बंगला झाला आणि आता थंड हवेच्या ठिकाणीही काहीतरी असावं, असं घरात बोललं जाऊ लागलं आहे. महाबळेश्वरचा विचार मनात आला तर तो झटकावा. तिथे शनिवारी वेण्णा तलावाच्या काठी अर्धं पुणं भाजलेलं कणीस खात उभं असतं. आपल्याला असा डोंगर हवा, जिथे अर्धं पुणं पोचत नाही.

असे डोंगर जगात मोजके. अमेरिकेत अ‍ॅस्पेन आहे, फ्रान्समध्ये कुर्शव्हेल आहे, पण शिकायचंच तर मूळ घराण्यात शिकावं. स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, एंगाडीनच्या खोऱ्यात, सुमारे १,८०० मीटर उंचीवर सेंट मॉरिट्झ आहे. वस्ती जेमतेम पाच हजारांची. या गावाने १९८० च्या दशकात स्वतःचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकलं, यावरून त्याचा स्वभाव ओळखावा.

श्रीमंत माणूस इथे बर्फासाठी येतो, ही नवशिक्याची ठरलेली समजूत. ती सोडून द्यावी. बर्फ आल्प्समध्ये सगळीकडे पडतो, गरिबांच्या गावांतही. मुळात इथे लोक यायचे ते लोहयुक्त झऱ्याचं पाणी प्यायला. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने त्या पाण्याची वाखाणणी केली होती. तब्येतीचं निमित्त फार सोयीचं. चैन करायला निघालेल्या माणसाला डॉक्टरची चिठ्ठी मिळाली की घरातलं कुणी काही बोलत नाही. इंग्रज उन्हाळ्यात यायचे आणि थंडी पडू लागली की परतायचे. १८६४ साली योहानेस बाद्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने त्यांच्याशी पैज लावली, असं सांगतात. हिवाळ्यात येऊन बघा, ऊन मिळालं नाही तर प्रवासखर्च माझा. पाहुणे नाताळला आले आणि ईस्टरपर्यंत हलले नाहीत. याच जातीचे इंग्रज आपल्याकडे महाबळेश्वर-माथेरानला बंगले बांधत होते. सह्याद्रीत ते उकाड्याला भिऊन चढले, इथे पैजेवर चढले, एवढाच फरक.

आता पोचायचं कसं? ऱ्हेशियन रेल्वे १९०४ पासून इथवर येते. तिचा अल्बुला मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे आणि बोगदे, पूल, वळणं पाहून डोळ्यांचं पारणं फिटतं. पण तिकीट काढून कुणीही त्या गाडीत बसू शकतो, हा तिच्यातला मोठा दोष. तेव्हा समेडानच्या विमानतळावर उतरावं. तो सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे आणि डोंगरांनी असा वेढलेला की वैमानिकाला आधी खास पात्रता मिळवावी लागते. इथे परीक्षा नेहमी दुसऱ्यानेच द्यायची असते.

याला एक अपवाद, क्रेस्टा रन. हा भाग नीट वाचावा. दरवर्षी नव्याने बांधलेली नैसर्गिक बर्फाची घसरगुंडी, १८८४-८५ च्या हिवाळ्यात पहिल्यांदा केलेली. तीवरून छोट्या घसरगाडीवर पालथं पडून, डोकं पुढे करून, हनुवटी बर्फापासून चार बोटांवर ठेवून खाली सुटायचं. ब्रेक नाही. बुटांच्या टोकांना लोखंडी दाते बसवलेले असतात, ते बर्फात रोवायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. नवख्यांना आधी एक व्याख्यान ऐकावं लागतं. त्यात पूर्वसुरींच्या मोडलेल्या हाडांचे एक्स-रे दाखवतात. शटलकॉक नावाच्या वळणावर अनेक जण भिरकावले जातात, त्यासाठी तिथे गवत पसरून ठेवलेलं असतं. आणि जो तिथे पडतो, तो आपोआप शटलकॉक क्लबचा सभासद होतो. त्या क्लबचा टायसुद्धा बांधू शकतो. नवश्रीमंताने इथे क्षणभर थांबून विचार करावा. ज्या समाजात पडण्याचंही सभासदत्व मिळतं, तिथे पडायला काय हरकत आहे? बायकांना मात्र १९२९ पासून या घसरगुंडीवर बंदी होती, ती २०१८ साली उठली. एकविसावं शतकही इथे जरा घाटातूनच आलं.

हाडं शाबूत ठेवायची असतील तर तळ्यावर जावं. हिवाळ्यात तळं गोठतं आणि त्यावर तंबू, घोडे, शॅम्पेन असं सगळं मांडलं जातं. १९०७ पासून इथे बर्फावर घोड्यांच्या शर्यती होतात. एका प्रकारात घोड्यावर स्वार नसतोच. मागे स्कीवर उभा असलेला माणूस लगाम धरून फरफटत येतो. क्रिकेटही होतं. २०१८ च्या फेब्रुवारीत बर्फावर चटई अंथरून सेहवाग आणि आफ्रिदी यांचे संघ खेळले. आपले झहीर खान आणि अजित आगरकरही होते. शिवाजी पार्कात वाढलेल्या माणसाला वाटेल, असल्या जागी क्रिकेट कशाला? प्रश्न बरोबर आहे, पण तो तिथे विचारू नये.

स्की येत नसेल तरी अडत नाही. स्कीवाल्यांचा कोर्व्हिलिया क्लब १९३० पासून आहे आणि तिथे अर्ज करून कुणी शिरत नाही, बोलावणं यावं लागतं. ते आलं नाही तर आपण मुळी अर्ज करणाऱ्यांतले नाहीच, अशा चेहऱ्याने व्हिया सेर्लास या महागड्या दुकानांच्या रस्त्यावर फिरावं. नवे कोरे कपडे घालू नयेत. फोटो काढू नयेत. कुणी ओळखीचा चेहरा दिसलाच तर अजिबात बघू नये. तो इथे न बघितलं जाण्याचे पैसे मोजतो.

आता घर. परदेशी माणसाला स्वित्झर्लंडमध्ये सुट्टीचं घर सहजी घेता येत नाही. १९८३ चा कायदा आहे, लेक्स कोलर म्हणतात त्याला. ठरावीक पर्यटनस्थळीच घ्यायचं, परवाने वर्षाला देशभरात मिळून १,५००, आणि घर साधारण २०० चौरस मीटरच्या आत. म्हणजे एकवीसशे-साडेएकवीसशे चौरस फूट. मलबार हिलवाल्याला हे ऐकून भडभडून येईल. त्यावर तोड अशी की तिथलंच रहिवासी व्हावं. मग राहत्या घराला ही मोजपट्टी लागत नाही. शिवाय श्रीमंत परदेशी रहिवाशाला आणखी एक सवलत आहे. कर उत्पन्नावर नव्हे, राहणीच्या खर्चावर, आणि त्याचा किमान आधार म्हणजे घरभाड्याच्या सातपट. मुख्य अट अशी की देशात नोकरीधंदा करायचा नाही. जन्मभर ज्या रिकामपणासाठी राबलात, तो इथे कायद्यानेच सक्तीचा आहे. २०१४ साली ही सवलत काढावी का, असं स्विस जनतेला विचारलं, जनता नाही म्हणाली.

त्याआधी २०१२ साली जनतेने दुसराच कौल दिला होता: कुठल्याही गावात सुट्टीची घरं वीस टक्क्यांहून जास्त नकोत. ५०.६ टक्के मतांनी ठरलं. सेंट मॉरिट्झमध्ये निम्म्याहून अधिक घरं तशीच आहेत, त्यामुळे नवीन बांधणं जवळजवळ बंद. हेतू चांगला होता, डोंगर वाचावेत हा. पण आधीची घरं या नियमातून सुटली. नवं होणार नाही म्हटल्यावर जुन्याला सोन्याचा भाव आला, आणि जिथे शाळेतले मास्तर भाड्याने राहायचे, तो मजला कुणीतरी वर्षातून तीन आठवड्यांसाठी विकत घेतला. मास्तर खोऱ्यात खाली गेले. हॉटेलातल्या चादरी बदलणारे, भांडी घासणारे पुष्कळ जण भल्या पहाटे इटलीतल्या कियाव्हेन्नाहून मालोयाचा घाट चढून येतात आणि रात्री उतरतात. रेल्वेचं तिकीट काढून कुणीही येऊ शकतो, असं वर म्हटलं खरं, पण मुक्कामाला राहू शकत नाही. गावाला कुंपण घालायची गरज पडत नाही ती यामुळे. पहिली चाळणी चढाची, दुसरी कायद्याची, तिसरी भावाची. तिन्हींतून जे वर उरतात ते एकमेकांना काही न विचारता ओळखतात, आणि धंद्याचं बोलणं मग स्कीच्या लिफ्टमध्ये सहज निघतं. घराची किंमत बर्फाची नसते, ती या शेजाऱ्यांची असते, आणि एजंट तसं सरळ सांगत नाही म्हणून इथे सांगून ठेवलं.

मार्च संपत आला की खिडक्यांच्या झडपा लावाव्यात, किल्ली मालोयाच्या पलीकडून येणाऱ्या बाईंकडे द्यावी आणि उन्हाळ्यासाठी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सेंट-त्रोपेला निघावं. तिथे ओळखी करून घेण्याचा त्रास पडत नाही. माणसं तीच असतात, फक्त अंगावर कपडे कमी असतात.