एक्स्पोर्ट अण्णा

टीव्हीवर रुपया घसरल्याची बातमी लागली की अण्णांच्या घरात चहाची दुसरी फेरी होते. "एक्स्पोर्टरला चांगलंच असतंय ते," म्हणत अण्णा मोबाइलवर डॉलरचा भाव बघतात, मनातल्या मनात कशाला तरी गुणतात आणि समाधानाने कप खाली ठेवतात. कशाला गुणतात, हे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणालाच ठाऊक नाही. कारण अण्णांनी आजवर देशाबाहेर एक रुपयाचाही माल विकलेला नाही. थोरला मुलगासुद्धा पुण्याच्या पलीकडे गेलेला नाही.

अण्णा पतसंस्थेतून निवृत्त झाले त्या वर्षी एका हॉटेलच्या हॉलमध्ये निर्यातीवर एक दिवसाचं शिबिर झालं, जेवणासकट. तिथून ते एक फाइल, एक बिल्ला आणि शंभरेक नवे शब्द घेऊन परतले. लगेच त्यांनी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड काढला. लोकांना वाटतं तेवढं हे काम अवघड नाही. डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर अर्ज करायचा, ५०० रुपये भरायचे. आपला पॅन नंबर हाच कोड. मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो, नाहीतर बंद पडतो. काकू वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात त्याच सुमारास अण्णा पोर्टलवर लॉगिन करतात. दोघांचंही मागणं पुढच्या जन्माचंच.

मग बँकेचा एडी कोड आला, अपेडाची नोंदणी आली, खाद्यपदार्थांचं लायसन आलं, जीएसटी न भरता माल बाहेर पाठवता यावा म्हणून एलयूटी आलं. फाइल अशी चोख, की कस्टमवाल्याने नुसती चाळली तरी त्याचे डोळे भरून यावेत. काकूंनी एकदाच विचारलं, "आणि घेणार कोण?" अण्णांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "ते शेवटी असतंय."

शब्दांचं वेड मात्र घराबाहेर पडलं. पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत वऱ्हाडाच्या गाड्यांचा विषय निघाला, तर अण्णांनी मुलाकडच्यांना सरळ विचारलं, "एफओबी कोल्हापूर धरायचं, का सीआयएफ बार्शी?" बार्शीची मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागली. अण्णांनी मग समजावलं. एफओबी म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतचा खर्च आपला, पुढचा तुमचा. सीआयएफ म्हणजे तुमच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमासुद्धा आपल्याच अंगावर. मुलाचे मामा म्हणाले, "विमा कशाला? मुलगी बोटीनं येणाराय का?" लग्न झालं, गाड्या कुणी केल्या कोण जाणे, पण बार्शीत अण्णांना अजून 'बोटवाले काका' म्हणतात.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं हा निराळाच प्रकार. एकदा एका मशिनरीच्या दुकानासमोर परदेशातून आलेला लाकडी खोका दिसला, तर अण्णा धोतर सावरून भर रस्त्यात गुडघ्यांवर बसले. खोक्याच्या खालच्या फळीवर डाग दिल्यासारखा एक शिक्का होता, चौकटीत गव्हाची ओंबी. "बघ," ते मला म्हणाले, "५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं लाकूड. आतली कीड मेली. हा शिक्का नसला तर माल कितीही सोन्यासारखा असू दे, बंदरातच अडकला म्हणून समज." दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. त्याने पाणी आणलं.

खरं तर अण्णांना ज्ञान कमी नाही, माल कमी आहे. आधी आंब्याचं ठरलं. पण हापूसला युरोपात जायचं तर ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बसावं लागतं, अमेरिकेला जायचं तर किरणांखालून जावं लागतं आणि जपानला जायचं तर वाफ घ्यावी लागते, हे कळल्यावर अण्णा म्हणाले, "एवढी न्हाणीघरं कुठनं आणू?" मग चपलेचं ठरलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ते बाजारातून आणलेला एक जोड कपाटात सॅम्पल म्हणून ठेवून होते. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला चालवल्या, गदारोळ झाला आणि कोल्हापूरचं नाव घ्यायची पाळी कंपनीवर आली. अण्णा आठवडाभर दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझ्या डोक्यात आधीच होतं." डोक्यातली गोष्ट पायात यायला वेळ लागतो, हे खरं.

शेवटी गूळ. कोल्हापूरच्या माणसाने गुळाचं मनावर घेतलं तर नावं ठेवायची सोय नाही. पण मार्केट यार्डात भाव पिवळ्याधमक रंगाला, आणि तो रंग आणायला रसात हायड्रॉस टाकणारे काही कमी नाहीत. बाहेरच्या गिऱ्हाइकाला नेमका उलटा हवा: तपकिरी, बिनरसायनाचा, शक्यतो पावडर, कारण ढेप दमट हवेत पाघळते आणि कंटेनरच्या आत दमटपणा काही थोडाथोडका नसतो. अण्णा मला घेऊन करवीरच्या एका गुऱ्हाळावर गेले. गुळव्याने काहिलीतला पाक पळीने पाण्यात सोडला, गोळी वळली आणि काठावर मारून बघितली. टण् आवाज आला.

"पुढच्या आधणाला नुसती भेंडी घाल, दुसरं काय घालायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "रंग काळपट आला पाहिजे."

"काळपट गूळ सौदागर हातात धरत न्हाई, अण्णा. जनावरास्नी घालणार काय?"

"दुबईला."

गुळव्याने काहिलीखालच्या जाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या आधणाला भेंडी घातली. गूळ उत्तम झाला. तो मी खाल्लाय. आधण होतं दोन-अडीचशे किलोचं. त्यातला १०० किलो कुटून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोनशे डब्यांत भरला, राहिलेला पाहुण्यांत गेला. डब्यावर इंग्रजीत आणि अरबीत मजकूर. अरबी मजकूर उलटा छापला गेला होता, पण ते सांगणारं पेठेत कोणी नव्हतं.

आणि मग ज्याची कुणालाच अपेक्षा नव्हती ते घडलं. दुबईला पाठवलेलं सॅम्पल आवडल्याची मेल आली. तिथल्या पार्टीला वीसफुटी कंटेनर भरून गूळ हवा होता. वीसफुटीत तो अठरा-वीस टन बसतो. म्हणजे ऐंशी-नव्वद आधणं. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत.

शिरोली एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक फाउंड्रीवाले आहेत. त्यांची कास्टिंग्ज जर्मनीला जातात, आणि हे त्यांच्या शेजाऱ्याला माहीत नाही. त्या जागी ते असते तर संध्याकाळपर्यंत पाच गुऱ्हाळांना फोन गेले असते, दर ठरला असता, आगाऊ रकमेचं किंवा एलसीचं, म्हणजे बँकेच्या हमीचं बोलणं झालं असतं आणि न्हावा शेव्याच्या एजंटाकडून बोटीच्या तारखा आल्या असत्या. दुसऱ्याचा माल गोळा करून स्वतःच्या नावावर पाठवणं हा राजमान्य धंदा आहे. अण्णांच्या फाइलमध्ये त्याचं स्वतंत्र पान होतं, पिवळ्या मार्करने रंगवलेलं. पण त्यांनी मेल लिहिली ती अशी, की आंतरराष्ट्रीय बाजारातून आलेल्या प्रचंड मागणीमुळे यंदाच्या हंगामाचा आमचा संपूर्ण माल बुक झाला असून आपल्याला पुढील वर्षी प्राधान्य देण्यात येईल.

ही मेल त्यांनी मला वाचून दाखवली तेव्हा आवाजात लाज नव्हती, रुबाब होता. दुबईला नाही म्हणालेला पेठेतला पहिला माणूस. दोनशेपैकी उरलेले डबे दिवाळीत वाटले गेले.

गेल्या महिन्यापासून अण्णा दर रविवारी घराच्या माडीवर 'निर्यातीची सुरुवात कशी करावी' याचे वर्ग घेतात. सोळा जण येतात, वहीपेन घेऊन. काकूंनी सतरंज्या धुऊन दिल्या. मी फी विचारली.

"पंधराशे. एफओबी."

"म्हणजे?"

"जिन्यापर्यंत आमचं. चहा तुमचा तुम्ही बघायचा."