२०० मीटर आणि दिवसाआड पाणी

रविवारी दुपारी कुठल्याही ऑफिसर्स मेसमध्ये बिअरच्या मगांभोवतीची मनगटं न्याहाळली, तर ही सगळी मंडळी आत्ताच समुद्राच्या तळावरून वर आली आहेत असं वाटावं. इन्फन्ट्रीतला मेजर, रणगाड्यांतला कॅप्टन, अर्धी नोकरी जैसलमेरच्या वाळूत काढलेला तोफखान्यातला कर्नल; आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातावर डायव्हिंगचं जाडजूड घड्याळ. खरे पाणबुडे आता डाइव्ह कॉम्प्युटर बांधतात. किती खोल आलो, किती वेळ झाला, वर येताना कुठे किती थांबायचं, सगळं तोच सांगतो. यांत्रिक डायव्हिंग घड्याळं उरली ती आमच्यासारख्या कोरड्या माणसांसाठी.

माझंही त्यातलंच. सीकोचं एसकेएक्स ००७, १९९६ साली बाजारात आलेलं मॉडेल. मला कमिशन मिळालं तेव्हा दुबईत नोकरीला असलेल्या आतेभावाने ते आणून दिलं. तबकडीवर २०० मीटरचं आश्वासन, भोवती एकाच दिशेने कटकट करत फिरणारी कडी, आणि चावी नेहमीच्या तीनच्या जागी नव्हे तर चारच्या आकड्याशी, म्हणजे मनगट मागे वळलं की ती हातात रुतत नाही. पाण्याखाली याचा काय उपयोग होतो मला माहीत नाही. पुश-अप्स काढताना मात्र फार होतो. आखाती बाजारातलं असल्यामुळे वाराच्या खिडकीत इंग्रजी आणि अरबी अशी दोन्ही अक्षरं येत. मध्यरात्रीनंतर थोडा वेळ अरबी वार दिसायचा, मग सावकाश इंग्रजी. एकदा पहाटेच्या ड्यूटीवर आमच्या साताऱ्याकडच्या सुभेदार साहेबांनी ते वाकून पाहिलं आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारलं, “साहेब, ह्ये घड्याळ आपल्याच बाजूचं हाय न्हवं?”

बाबांना ते घड्याळ कधीच पटलं नाही. त्यांची सगळी हयात पिंपरीतल्या एका कारखान्यात गेली. त्यांच्या हातावर एचएमटी होतं. बंगळूरला १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झालेल्या सरकारी कारखान्यातलं, रोज सकाळी चहाआधी चावी द्यायचं. त्या काळी जावयाला एचएमटी मिळालं की लग्न रीतसर लागलं असं समजत. बाबा ते कारखान्याच्या भोंग्याशी लावून बघायचे आणि फरक पडला तर भोंगेवाल्याला नावं ठेवायचे. माझं सीको त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “पाण्यात घालून जायचं घड्याळ? अरे, पाण्यात जाताना घड्याळ काढून ठेवायचं असतं.” पुढे २०१६मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळविभाग बंद करायचं ठरवलं. तेव्हाही त्यांचं चालूच होतं.

ही घड्याळं मुळात निघाली सैनिकांसाठीच, हे मात्र खरं. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच लष्कराने पाण्याखालून लढणाऱ्यांची तुकडी उभी केली. तिचे अधिकारी रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो यांना हवं तसं घड्याळ कुणी करून देईना. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये ब्लँकपां कंपनीचा प्रमुख फिश्टर स्वतः हौशी पाणबुड्या होता, आणि पाण्याखाली वेळेचं भान सुटल्यामुळे हवा संपण्याचा अनुभव त्याने घेतलेला होता. १९५३मध्ये त्याचं ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं. पन्नास वाव, म्हणजे साधारण ९१ मीटर. त्याच सुमारास रोलेक्सचं सबमरीनरही आलं. पुढे आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, आयएसओ ६४२५. त्यात इतर गोष्टींबरोबर अशी अट की कडी चुकून धक्का लागून फिरू नये. म्हणून ती एकाच दिशेने फिरते. उतरताना तिच्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, आणि पुढची मिनिटं थेट कडीवर वाचायची. मध्येच खडकाला घासून ती सरकलीच, तर झालेला वेळ खऱ्याहून जास्त दिसतो, कमी कधीच नाही. पाणबुड्या लवकर वर येतो, एवढंच. चूक व्हायचीच असेल तर ती जीव वाचवण्याच्या बाजूला व्हावी, अशी ही सोय आहे. माझ्या मते विसाव्या शतकातल्या शहाणपणाच्या वस्तूंत हिचा नंबर बराच वर लागावा.

आम्ही सॅपर्स. म्हणजे पूल बांधायचे आणि गरज पडली तर उडवायचे, सुरुंग पेरायचे आणि पेरलेले काढायचे. आमची पंढरी दापोडीला. मिलिटरी इंजिनीअरिंगची शाळा १९४३ साली रुरकीला निघाली आणि १९४८मध्ये इथे आली. तेच आजचं सीएमई. निगडी प्राधिकरणात वाढलेल्या माझ्यासारख्याला सीएमई म्हणजे पीसीएमटीच्या बसच्या खिडकीतून दिसणारी, संपता न संपणारी भिंत. तिच्या आत काय आहे ते कळायला मला सैन्यात जावं लागलं. आत पाणी आहे, हे सर्वांत मोठं आश्चर्य. सैन्याची रोइंगची मंडळी तिथेच सराव करतात. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, दुष्काळी गावातला, वडिलांबरोबर विहिरी खोदायला जाणारा मुलगा, २०१२मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला, आणि चार वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने होडी वल्हवत जगात तेरावा आला. पाणी कमी असलेल्या मुलखाला पाण्याची विद्या येत नाही, असं कुणी म्हणू नये.

किंवा लोणावळ्याचं घ्या. निगडीहून तासाभरात पोचाल. तिथे डोंगरावर आयएनएस शिवाजी ही नौदलाची ‘बोट’ १९४५पासून उभी आहे. जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण तिथे मिळतं आणि पाऊस सोडला तर पाण्याचा संबंध नाही. ती बोट घाटावर चालते, तर माझ्या घड्याळाने कोरडं राहायला हरकत काय?

पण ते अगदीच बिनकामाचं नव्हतं. सेफ्टी फ्यूजची, म्हणजे सुरुंग पेटवायच्या वातीची, परीक्षा घेताना त्याची किंमत कळायची. वेटोळ्याच्या टोकाला ओल लागलेली असू शकते, म्हणून तेवढा तुकडा कापून टाकायचा. मग मोजलेला एक तुकडा पेटवून तो जळायला किती वेळ लागतो ते पाहायचं, आणि त्या हिशेबाने पुढच्या फ्यूजची लांबी ठरवायची. पेटवलं की कडीचा त्रिकोण मिनिटकाट्यावर आणायचा आणि माघारी यायचं. चालत. पळायचं नाही, कारण पळणारा पडतो. आयुष्यात सगळ्यांत सावकाश मी तेव्हा चाललो असेन. खांदे ताठ, चेहऱ्यावर फिरायला निघाल्याचा भाव, आणि डोळा मनगटावर. ठरल्या वेळी आवाज झाला तर ठीक. नाही झाला तर नियमाने ठरलेला सगळा वेळ आडोशाला थांबायचं आणि मग एकट्यानेच बघायला जायचं. तो थांबण्याचा वेळ मोजायला ही एकमार्गी कडी फार बरी. चुकून कुणाचा हात लागला तरी ती उलटी जाऊन मिनिटं खाणार नाही, हे माहीत असतं. आता नीट विचार केल्यावर कळतं, धक्का लागून त्या कडीने झालेला वेळ थोडा जास्त दाखवला असता तर मी आडोशातून लवकर उठलो असतो. म्हणजे पाणबुड्याला जी चूक तारते तीच सॅपरला मारते. हे तेव्हा सुचलं नाही ते बरंच झालं.

घड्याळाची खरी फजिती व्हायची ती ऑर्डर ग्रुपला. सगळे हुकूम सांगून झाले की शेवटी कमांडिंग ऑफिसर घड्याळं मिळवायला सांगणार. सगळ्यांनी चावी ओढायची, सेकंदकाटा थांबवायचा, आणि “मार्क” म्हणताच चावी आत. माझ्या घड्याळात चावी ओढली तरी सेकंदकाटा आपला चालतच राहायचा. त्या यंत्राची तशी रचनाच आहे, त्याला काही करता येत नाही. चावीवर उलटा हलकासा दाब देऊन काटा अडवता येतो, पण कर्नलसाहेबांसमोर घड्याळाशी झोंबी घेणं बरं दिसत नाही. कॅन्टीनमधून स्वस्तात क्वार्ट्झ घेतलेले नवे लेफ्टनंट बिनचूक मिळवून मोकळे होत. शिवाय या यंत्राला कंपनीनेच रोज २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी मुभा दिलेली. माझं रोज वीसेक सेकंद पुढे पळायचं. सैन्यात ते खपून जातं, कारण तिथे ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचणाऱ्याला वेळेवर आला म्हणतात आणि वेळेवर पोचणाऱ्याला उशीर झाला म्हणतात. माझ्या वक्तशीरपणाबद्दल वरिष्ठांनी जे काही चांगलं लिहिलं, त्यातला बराचसा वाटा त्या वीस सेकंदांचा आहे.

रात्री मात्र ते वैरी व्हायचं. तबकडीवरचे ठिपके दिवसभर ऊन पिऊन अंधारात असे हिरवे पेटत की गस्तीला निघताना डायल मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून घ्यावी लागे. बाकी वेळ त्या कडीने मोजलं काय, तर वाट पाहणं. गाड्यांच्या ताफ्याची, हेलिकॉप्टरची, ढग हटण्याची, वरून येणाऱ्या हुकमाची. फौजेतली बहुतेक नोकरी कशाची तरी तयारी करून थांबण्यात जाते. ती गोष्ट घडली नाही तर नोकरी चांगली झाली.

निवृत्तीनंतर चाकणजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा आणि प्रशासन बघायला लागलो. तिथे कळलं की सैन्याची वेळ म्हणजे मोघम प्रकार. असेंब्ली लाइनवर टॅक्ट टाइम असतो. ठरलेल्या सेकंदांत गाडी पुढच्या ठेशनावर गेलीच पाहिजे, नाहीतर वरच्या बोर्डावर लाल दिवा. दिवसाला वीस सेकंद इकडेतिकडे करणाऱ्या माणसाला तिथे कुणी उभं करणार नाही. पहिल्याच दिवशी लाइनच्या दारात सिक्युरिटीवाल्याने खाडकन सॅल्यूट ठोकला. चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही गेटवर निम्मी फौज भेटते; हा माजी हवालदार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा.

“साहेब, घड्याळ काढा.”

“का?”

“रंगाला ओरखडा पडतो. अंगठी, पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, काय चालत नाही.” मग जरा आवाज खाली आणून, “लई वजनदार दिसतंय. पाण्यातलं का?”

मी हो म्हणालो. त्याने ते प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘घड्याळ, पाण्यातलं, १ नग’. इतकं अचूक वर्णन त्याचं आजवर कुणी केलेलं नाही.

कारखान्यातला निम्मा दिवस ते ट्रेमध्ये, उरलेला वेळ माझ्याबरोबर खुर्चीत. हात हालला तरच आतला रोटर फिरतो, रोटर फिरला तरच स्प्रिंगला पीळ बसतो. आमच्या तरुण इंजिनीअरांची स्मार्टवॉचं तासभर बसलं की ‘उठा’ म्हणून थरथरतात. माझं तसं काही सांगत नाही, बंद पडतं. सोमवारी सकाळी मोशीच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकल्यावर हात स्टिअरिंगवरून उचलून उगाच हलवत बसतो, तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्याला वाटतं मी त्याला वाट देतोय, आणि तो घुसतो.

घरी मात्र घड्याळाला अखेर पाण्याचं काम मिळालं. महापालिकेने नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी सुरू केलं. पवना धरण भरलेलं असो नसो, आम्ही दिवसाआडच. सोसायटीत सहाला पाणी येतं, टाकीत मोटर लावायची, आणि टाकी भरून वाहायच्या आत बंद करायची. निवृत्त फौजी म्हणून हे काम कमिटीने एकमताने माझ्याकडे दिलं. पाणी आलं की कडीचा त्रिकोण मिनिटकाट्यावर. समोर टाकी, हातावर २०० मीटर.

मध्यंतरी पिंपरी कॅम्पातल्या एका जुन्या घड्याळजीकडे ते उघडायला दिलं. डोळ्याला भिंग लावून त्याने मागचं झाकण फिरवलं, चिमट्याने काळं रबरी कडं बाहेर काढलं आणि माझ्यासमोर वाकवलं. ते तुटलं.

“कडक झालंय. नवीन टाकतो, पण आता याच्या भरवशावर राहू नका. आंघोळीला काढून ठेवत जा.”

बाबा असते तर त्यांनी त्याला चहा पाजला असता.

“आणि रोज वीस-बावीस सेकंद पुढं पळतंय,” तो म्हणाला. “बरोबर करून देऊ?”

“नको, असू द्या,” मी म्हणालो. “आमच्याकडे पाणी सहाला येतं.”