सशाला कंटाळा येऊ नये म्हणून

सावद्यात कुणाला कंटाळा आल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. पहाटे केळी कापायला निघालेल्या टोळीला तो येत नाही, काट्यापाशी नंबर लावून बसलेल्या ट्रकवाल्याला येत नाही, आणि भाव पडला की बागायतदाराला झोपसुद्धा येत नाही, तिथे कंटाळा कुठला. अशा गावात आमच्या घरी एक जीव आहे ज्याला कंटाळा येतो. तो पांढरा आहे, वजनाला सव्वादोन किलो भरतो, मुलीच्या हट्टापायी आलेला आहे, आणि त्याचा कंटाळा घालवणं ही आता घरातल्या सर्वांची सामायिक जबाबदारी आहे.

ही जबाबदारी आम्हाला गुरांच्या डॉक्टरांनी सोपवली. त्यांचा दिवस म्हशींच्या कासा आणि बैलांचे खूर बघण्यात जातो, तरी त्यांनी सशाला टेबलावर घेऊन सन्मानाने तपासलं. म्हणाले, "भाऊ, याला गुंतवून ठेवा. रिकामा बसला की कुरतडतो." सल्ला बरोबर होता. गुंतवून ठेवलं तरीही कुरतडतो, एवढं पुढचं वाक्य सांगायचं राहिलं. शिवाय खेळणी आणा म्हणाले. हे घरी सांगितल्यावर आईने तांदूळ निवडता निवडता चष्म्यावरून पाहिलं. "त्याले खेयनं पाह्यजे? मले कोनी आनलं रे खेयनं ह्या घरात?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही खेळणी मागवली.

एक लाकडी चेंडू आला, वाळल्या गवताचं एक वेटोळं आलं आणि एक बोगदा आला, ज्याची किंमत मी आईला अजून सांगितलेली नाही. सशाने प्रत्येक वस्तूला एकदा हुंगलं, तिच्यावर हनुवटी घासली आणि तिच्याकडे कायमची पाठ फिरवली. सशाच्या हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात. ज्या वस्तूवर हनुवटी घासली ती त्याच्या मालकीची. ना तलाठी, ना फेरफार, ना मुद्रांक शुल्क. या पद्धतीने आजवर टीव्हीचं टेबल, शिलाई मशीन, स्कूटरचं पुढचं चाक आणि माझा डावा घोटा त्याच्या नावावर झालेला आहे. आमची मालकी कागदावर असते. तो कागद, म्हणजे पीक विम्यासाठी काढून ठेवलेला सातबारा, त्याने क्षेत्राच्या रकान्यापर्यंत खाल्ला. गावाचं नाव आणि गट नंबर शाबूत ठेवले. कचेरीतल्या माणसाने उरलेला तुकडा उजेडात धरून विचारलं, हे काय? मी खरं ते सांगितलं. त्यांनी नवा उतारा काढायला सांगितलं, पण त्या दिवसापासून ते माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात.

यात त्याचा दोष नाही, असं मला सगळे समजावतात. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढतात, आणि घासले गेले नाहीत तर त्याला खाताच येत नाही. म्हणून निसर्गाने त्याला कुरतडायची सवय लावली आणि माझं घर लावून दिलं. पूर्वी याच दातांमुळे त्याला उंदरांच्या गणात बसवलेलं होतं. पण सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी लपलेली असते, तेव्हा १९१२ साली शास्त्रज्ञांनी त्याला उंदरांच्या पंगतीतून उठवून वेगळं पान वाढलं. थोडक्यात, उंदरापेक्षा याला पुढचे दोन दात जास्त आहेत, आणि आम्ही त्याला आपण होऊन घरात घेतलं आहे. उंदरासाठी निदान पिंजरा लावता येतो, त्याबद्दल कुणी निर्दयी म्हणत नाही.

वायरींच्या बाबतीत त्याची आवड ठरलेली आहे. बंद पडलेल्या मिक्सरची वायर वर्षानुवर्षं कपाटाखाली पडली आहे, तिला तो तोंड लावत नाही. चार्जरची वायर मात्र खाटेवरून खाली लोंबायचा अवकाश. तो ती खातही नाही, सुरीने कापल्यासारखी एका जागी तोडतो आणि निघून जातो. त्याचं शास्त्र असं की पाळीव ससा हा मूळचा युरोपातला, जमिनीत बिळं करून राहणारा. बिळात मुळं आडवी आली की ती तोडून वाट मोकळी करायची, हे त्याच्या रक्तात आहे. आपल्याकडचा रानससा बिळं खणत नाही, गवतात दबून बसतो, कुणाची वायर तोडत नाही. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. घरात ठेवायला मिळतो तो मात्र हा खणणारा. त्याने आमच्या दिवाणखान्यातल्या सगळ्या वाटा मोकळ्या केल्या आहेत. मोबाईल मेल्यामुळे एके दिवशी मला बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव कळला नाही आणि व्यापाऱ्याने सांगितला तो भाव मी मान खाली घालून ऐकला. सावद्याहून केळी रेल्वेने थेट दिल्लीपर्यंत सुखरूप जातात. आमच्याकडे वीज खाटेपासून भिंतीपर्यंत पोचत नाही.

मग आम्ही बंदोबस्ताकडे वळलो. केळीचे प्लॅस्टिकचे क्रेट आडवे लावून टीव्हीचा कोपरा वेढला. हा उपाय मोठ्या प्रमाणावर याआधी होऊन गेला आहे. ऑस्ट्रेलियात १८५९ साली एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर दोन डझन ससे सोडले, आणि त्यांनी खंड व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात त्यांना अडवायला कुंपणं घातली, त्यातलं पहिलं १,८३३ किलोमीटरचं. ते पुरं होईपर्यंत ससे पलीकडे पोचलेले होते. एका सरकारचं तारेच्या जाळीने हे झालं, मी तर क्रेट लावले होते. दुसऱ्या दिवशी तो आत बसून बाहेर आमच्याकडे बघत होता. क्रेट जागचे हलले नव्हते. शेजारच्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोसांनी त्यासाठी बांबूचं आख्खं नगर सजवलं होतं. त्या वेळी हा गावात असता तर नेहरूंना उघड्यावर भाषण करावं लागलं असतं.

खाण्याचं तर बोलायलाच नको. सशाला केळी द्यायची नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. साखर फार, पोट बिघडतं. दिलीच तर नखाएवढी चकती. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आख्खा तालुका त्या फळावर जगतो, आणि आमच्या घरात एक पाहुणा आहे ज्याला ते बाधतं. आईला हा त्या फळाचा अपमान वाटतो. गाजरही बेतानेच, म्हणजे चित्रातल्या सशांनी आजवर आमची दिशाभूलच केली. त्याला लागतं वाळलं गवत, दिवसभर, आणि वर हिरवा पाला. म्हणून मी बागेतून केळीचं कोवळं पान कापून आणतो, चिकाचे डाग सदऱ्यावर घेऊन. असलं न फाटलेलं पान आमच्याकडे जावयाला जेवायला वाढतात. हा त्याची मधली शीर ठेवतो आणि कड खातो.

उन्हाळ्यात या सर्वाला टोक येतं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून सोडतो, आणि तिशीच्या वरच त्याचे हाल सुरू होतात. तेव्हा कूलरसमोरची जागा त्याची. फ्रिजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या पाठीशी टेकवायची, ती वितळली की दुसरी. आम्ही माठातलं पाणी पितो, कारण फ्रिजमध्ये जागा नाही. एवढं झाल्यावर त्याने कूलरच्या खालच्या बाजूचं गवत ओढून काढलं. ते खायचं गवत नव्हे, हे त्याला पसंत पडलं नसावं, कारण त्याने ते न खाता फक्त पसरून ठेवलं. गच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळत घातल्या होत्या, तिकडे तो एकदाच पोचला. यंदाच्या कुरडयांवर पावलं उमटलेली आहेत. तळल्यावर दिसत नाहीत, अशी बायकोने सर्वांना ताकीद दिली आहे.

दिवसा तो झोपतो. ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला जागा असतो, आणि आमच्याकडे पहाट साडेतीनला होते. मागचे पाय फरशीवर आपटून तो धोक्याची सूचना देतो. धोका कोणता, ते आजवर कळलेलं नाही. आम्ही सगळे उठून बघतो. सगळे उठले की तो पाय पसरून आडवा होतो.

त्याच्याकडून घराला होणारी मिळकत एकच: लेंड्या. सशाची लेंडी कुजवावी लागत नाही, तशीच झाडाच्या बुडाशी घातली तरी रोप जळत नाही. शेजारच्या नानांना हे कुठून तरी कळलं. नव्या लागवडीची टिश्यू कल्चरची रोपं त्यांनी नुकतीच लावली होती, तेव्हा घमेलं घेऊन ते स्वतः आले. "लेंड्या तेवढ्या देजो, भाऊ."

मी म्हटलं, "नाना, लेंड्या कशाला, ससाच घेऊन जा. घरचं खत होईल."

नानांनी वायरींकडे पाहिलं, क्रेटकडे पाहिलं, माझ्या सदऱ्यावरचे डाग पाहिले आणि रिकामं घमेलं काखेत मारलं. "त्याच्यापेक्षा मले युरिया परवडला."