लग्न दुसरं, मूल पहिलंच

पोटगी कमी करून मागणाऱ्या अर्जात एक वाक्य हमखास सापडतं: अर्जदाराने पुनर्विवाह केला असून त्याच्यावर दुसऱ्या कुटुंबाची जबाबदारी आली आहे. सोबत नव्या बाळाचा जन्मदाखला. त्या दाखल्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. बाळ खरं, त्याचं दूध-औषध खरं. पण बापाने दुसरं लग्न केल्यामुळे पहिल्या मुलाचं नेमकं काय कमी झालं? भूक? शाळेची फी? एसटीचा पास?

परिस्थिती बदलली तर पोटगी बदलावी, असं कायदाच म्हणतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 127 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 146 आहे. रक्कम वाढवून मागता येते, तशी कमीही करून मागता येते. कागदावर दोघांना सारखी संधी. प्रत्यक्षात बापाचा बदल एका तारखेला घडतो आणि त्याचा शिक्क्यानिशी पुरावा असतो. विवाह प्रमाणपत्र, जन्मदाखला, गृहकर्जाचं मंजुरीपत्र. मुलाचा बदल रोज थोडाथोडा घडतो. दुसरीतलं पोर आठवीत जातं, दर जूनला बूट लहान होतात, चष्मा लागतो, गणिताचा क्लास लावावा लागतो. याचा दाखला कुठली महापालिका देत नाही. तो आईने पावत्या जमवून, कामावर खाडा करून, वकील गाठून न्यायालयात सिद्ध करायचा.

2017 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल या बाबतीत वारंवार पुढे केला जातो. पती डॉक्टर, हातात येणारा पगार महिना 95 हजारांच्या वर. कोलकाता उच्च न्यायालयाने पत्नी आणि मुलासाठी 23 हजार ठरवले होते. निव्वळ पगाराच्या 25 टक्के रक्कम पत्नीसाठी योग्य ठरेल, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. त्या हिशेबात 23 हजार बसत होते. तरीही पतीने दुसरं लग्न केलंय, त्याला त्या लग्नातून मूल आहे, म्हणून न्यायाच्या दृष्टीने 23 चे 20 हजार केले. मला हे पटत नाही. दुसऱ्या मुलाचा हक्क पहिल्याइतकाच आहे, त्यात तिळमात्र शंका नाही. पण दोन मुलांत वाटणी करायची वेळ आली तर आधी बापाने स्वतःच्या खर्चाला कात्री लावावी. उरलेल्या पंच्याहत्तर टक्क्यांना हात न लावता पंचवीसातून काढून घेणं, ही वाटणी नव्हे. दुसऱ्या लग्नाचा निर्णय त्याने घेतला, त्याची किंमत मात्र ज्याला कुणी विचारलं नाही त्या पोराने मोजायची.

'आता माझंच भागत नाही' असं सांगणारे सगळे खोटं बोलतात, असं मी म्हणणार नाही. नोकरी जाते, धंदा बसतो, नव्या घरात आजारपण निघतं. तेव्हा रक्कम कमी व्हायलाच हवी. मात्र आकडे उघडे टाकून. त्यासाठीची सोयही झालेली आहे, आणि तिची मुळं नागपुरात आहेत. तिथल्या कौटुंबिक न्यायालयातलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अंतरिम पोटगीचा अर्ज 2013 चा आणि 2020 उजाडलं तरी वाद मिटलेला नव्हता. त्या प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांच्या पीठाने देशभरासाठी नियम घालून दिले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्र भरायचं.

ते प्रतिज्ञापत्र एकदा नीट वाचून पाहा. मुलांसाठी त्यात वेगळा भाग आहे: अन्न, कपडे, औषधोपचाराचा खर्च किती, शिक्षणाचा किती, जादा शिकवणी किंवा अभ्यासक्रमाचा किती, आणि त्यातला वाटा कोण उचलतं. अवलंबून असलेल्या माणसांचा रकाना आहे, कर्जाच्या हप्त्यांचाही आहे. बापाने तो प्रामाणिकपणे भरला आणि न्यायाधीशांनी ओळीने तपासला, तर नवी गाडी आणि नवं बाळ यांतला फरक लगेच कळतो. अनेक उच्च न्यायालयांनी स्पष्ट सांगितलंय की स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते दाखवून पोटगी टाळता येत नाही.

आईने पुन्हा लग्न केलं तर? घटस्फोटित पत्नीची स्वतःची पोटगी थांबते. मुलाची थांबत नाही. 'आता तिचा नवरा बघेल' हे वाक्य कट्ट्यावर चालतं, कायद्यात चालत नाही. सावत्र बापाने माया केली तर ते त्याचं मोठेपण, पण जबाबदारी जन्मदात्याचीच राहते. आई कमावती असेल तर तिने आपल्या मिळकतीच्या प्रमाणात वाटा उचलावा, हेही न्याय्यच आहे.

ब्रिटनमध्ये हा हिशेब सूत्राने होतो. पैसे देणाऱ्या पालकाच्या घरात दुसरं एक मूल राहत असेल, तर त्याच्या मिळकतीतून आधी 11 टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर पहिल्या मुलाचा वाटा काढतात. आठवड्याला 500 पौंड कमावणारा बाप एका मुलासाठी 60 पौंड देत असेल, तर तो आकडा साधारण 53 वर येतो. घट झाली, पण किती होणार हे आईला आधीच माहीत. शिवाय मिळकतीचा आढावा दरवर्षी घेतला जातो. तिथेही थकबाकी होतेच, पण दरवर्षीचा आढावा ही गोष्ट आपण उचलावी अशी आहे.

आपल्याकडे आदेशातच वाढ लिहून टाकता येते. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पत्नीला महिना 50 हजार मंजूर करताना दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ ठरवून दिली. मुलांच्या बाबतीत तर हा शिरस्ताच व्हायला हवा, आणि वाढ दरवर्षी हवी. पाचव्या वर्षी ठरलेली रक्कम पंधराव्या वर्षी तशीच राहिली, तर त्या पोराची पोटगी कुणी अर्ज न करताच कापलेली असते.

तोवर आयांनी एवढं करावं. मूल वरच्या वर्गात गेलं, आजारी पडलं, खर्च वाढला की वाढीचा अर्ज टाकावा, दुसऱ्या बाजूच्या अर्जाची वाट पाहू नये. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचं वॉरंट हवं असेल, तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'देईल पुढच्या महिन्यात' म्हणत थांबलात तर तो मार्ग बंद होतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. महिला आणि मुलांना मोफत वकील मिळण्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा.